इंजिनबाबानं भार टाकला

यंदा थंडी पडली तशा आमच्याकडे पुन्हा ताडपत्र्या बाहेर आल्या. डहाणूहून आशागडच्या रस्त्याला लागलं की अंगणाअंगणांत त्या दिसतात. निळ्या, पिवळ्या, काही बांधलेल्या, काही नुसत्या घडी करून ओट्यावर ठेवलेल्या. भूकंपाचे धक्के आता पहिल्यासारखे येत नाहीत. कधीतरी एखादा येतो, मांडणीवरची भांडी वाजतात, माणसं एकमेकांकडे बघतात आणि हातातलं काम पुढे चालू करतात. तरी ताडपत्री माळ्यावर टाकायला कुणी तयार नाही. मीही माझी दाराआड उभी करून ठेवली आहे.

त्या हिवाळ्याला आता वर्ष झालं. कुणी विचारलं की मी घाबरलो होतो असं सांगतो, कारण ऐकणाऱ्याला तेच हवं असतं. खरं म्हणजे भीती लवकर संपली. उरली ती दमणूक. आधी आवाज यायचा, जमिनीखालून, लांब कुठे सुरुंग उडवल्यासारखा, आणि मग पायाखाली एक झटका. तेवढंच. मग पुढचा येईपर्यंत कान जमिनीला लावून बसायचं. चहा पिताना आधी कपात बघायचं, चहा हलतोय का. रस्त्यानं विटांचा ट्रक गेला तरी अर्धं घर अंगणात. घरात धाक आणि अंगणात थंडी. शाळा झाडाखाली भरत होत्या, सरकारी तंबू आले होते. संध्याकाळी शेकोटीवर वालाची पापडी भाजल्याचा वास सुटायचा, कुणी ताडीचा गडू पुढे करायचं, पण बोलायचं त्राण कुणात नसायचं. पेपरवाले येऊन भिंतींच्या भेगांचे फोटो काढून गेले. माणसांच्या डोळ्यांखाली जे काळं साचलं होतं त्याचा फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही.

माझा धंदा डाय कोरण्याचा. आमच्या या किनाऱ्यावर घराघरात हे काम चालतं. पोलादाच्या ठोकळ्यात नक्षी उलटी कोरायची. त्यावर सोन्याचांदीचा पत्रा ठेवून दाब दिला की सुलटी पानंफुलं उठतात. बायका गळ्यात मिरवतात ती वेलबुट्टी आधी आमच्या खिडकीत उलटी जन्मलेली असते. आता हेही काम यंत्रं करू लागली आहेत आणि माझ्या वाट्याला दुरुस्त्या उरल्या आहेत, ती कुरकुर इथं नको. पण त्या हिवाळ्यात दुरुस्त्याही होईनात. पाकळीची शेवटची रेघ ओढताना जमीन हलली आणि छिन्नी घसरली की संपलं. पोलादावरची चूक पुसता येत नाही. दोन ठोकळे असे वाया गेल्यावर मी हत्यारं तेल लावून गुंडाळून ठेवली आणि दिवसभर खिडकीत नुसता बसू लागलो. रिकामं बसूनही माणूस किती दमतो ते मला तेव्हा कळलं.

अशात एका सकाळी मथुराआत्याचा फोन आला.

मथुराआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तलासरीच्या अलीकडे एका पाड्यावर तिचं कौलारू घर आहे, मागे थोडी भातशेती, दारात एक चिकूचं झाड. आतोबा जाऊन खूप वर्षं झाली. मोठी मुलगी शैला उंबरगावला दिलेली. धाकटा वसंता, त्याच्याबद्दल पुढे येईलच. फोनवर आत्या कधी 'कसा आहेस' म्हणत नाही, सरळ मुद्द्यावर येते.

"दिना, इंजिनबाबानं भार टाकला," ती म्हणाली. "तू ये."

इंजिनबाबा हा आत्याच्या देव्हाऱ्यातला देव. लांबी हातभर, रंग शेंदरी, आकार नीट सांगता येणार नाही असा. आतोबा रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये खलाशी, म्हणजे हाताखालचे कामगार होते. कोळशाची इंजिनं बंद होऊन शेडमधली अडगळ निघाली तेव्हा त्यांनी हे लहानसं इंजिन घरी आणलं. ते कुणी केलं, कुठून आलं, त्यांनाही माहीत नव्हतं. खंडेनवमीला कोयता, फाळ, करवत मांडून पूजा होते, त्या ओळीत त्यांनी तेही मांडलं. हत्यारांना हळदकुंकू लावलं, याला तेलशेंदूर. ती चूक म्हणा की हौस, पण एकदा शेंदूर लागला की ती वस्तू पुन्हा फळीवर कोण ठेवणार. इंजिन देव्हाऱ्यात गेलं आणि तिथंच राहिलं. दर दसऱ्याला, दर चैत्रात शेंदराचा एकेक हात चढत गेला. चाकं बुजली, धुराड्याचं तोंड बुजलं.

त्या घराची एक रीत होती, आतोबांनीच घातलेली. घरातलं माणूस प्रवासाला गेलं की इंजिनाचं तोंड आत, चुलीकडे करायचं. म्हणजे ते माणसाला घराकडे ओढून आणतं. माणूस परत आलं की तोंड पुन्हा दाराकडे. पाड्यावरची वापीला, उंबरगावला मजुरीला जाणारी माणसंही निघताना येऊन सांगून जात आणि आत्या त्यांच्यासाठी इंजिन फिरवी. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेलो की मला त्या फिरवण्याचं भारी अप्रूप होतं.

मग वसंता झाईच्या बंदरातून मासेमारीच्या बोटीवर गेला, खलाशी म्हणून, वेरावळकडे. पहिले हंगाम येऊन जाऊन होता. मग बोट बदलली, मालक बदलला, फोन लागेना. बोट बुडाली असती तर काहीतरी कळलं असतं. तसंही नाही. मी आणि शैलाचा नवरा विचारायला गेलो होतो. कुणी म्हणालं केरळात आहे, कुणी म्हणालं त्यानं तिकडंच लग्न केलंय, कुणी नुसतेच हात हलवले. आत्यानं इंजिनाचं तोंड चुलीकडे केलं होतं ते तसंच राहिलं. आणि एकदा ते वसंतासाठी आत वळलं म्हटल्यावर दुसऱ्या कुणासाठी फिरवायचा प्रश्नच आला नाही. शेंदूर खालच्या फळीपर्यंत उतरला आणि इंजिन फळीला चिकटून बसलं.

मी पोचलो तेव्हा आत्या अंगणात ताडपत्रीखाली घोंगडी पांघरून बसली होती. खोकत होती. घराच्या भिंतीला एक बारीक भेग होती, फार नव्हे.

"आत जा, बग," ती म्हणाली.

देव्हाऱ्याखाली शेंदराचे ढलपे पडले होते, चांगले करवंटीसारखे जाड. आपल्याकडे जुन्या देवाचं शेंदराचं कवच असं गळून पडतं, गावोगावी पडतं; देवानं भार टाकला म्हणतात. खालून मूळ पाषाण दिसतो आणि लोक दर्शनाला रांगा लावतात. इथं खालून पाषाण निघाला नव्हता. काळवंडलेलं तांबं होतं, पितळेची एक पट्टी होती, आणि एक चाक. चाकाला आरे होते. ते अर्धवट उघडं पडलेलं चाक बघून मला उगीच लाजल्यासारखं झालं, कुणाला नको त्या वेळी बघितल्यासारखं.

बाहेर आलो तर आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती.

"शैला म्हणते तिच्याकडे ये. मी नाय जायची. आणि देव असा उघडा पडलेला असताना घरातबी नाय जायची. चूल बाहेर आणलीय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तू असली कामं करतोस. तू बग आणि मना सांग, तो देव हाय का खेळणं हाय."

"आत्ये, त्यात काय..."

"खेळणं असंल तर तसं सांग. मग इतकी वर्षं मी वसंताला कुणाजवळ मागत होते, ते तरी कळू दे मना."

मी चिकूच्या करंडीत पेंढा घातला, इंजिन फळीपासून सोडवून त्यात ठेवलं, वर तिचं जुनं लुगडं झाकलं आणि स्कूटरवर पायांत धरून डहाणूला घेऊन आलो.

निघण्याआधी कवचाचे ढलपे मात्र समुद्राला द्यायला हवे होते, तशी रीत आहे. आत्या म्हणाली, झाईलाच देऊ. दोघं गेलो. ओहोटी होती. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातले होते आणि वारा आला की ते सगळे एका दिशेला हलत. आत्यानं ढलपे एकेक करून पाण्यात सोडले. प्रत्येक सोडताना हात पाण्यात जरा जास्तच वेळ धरी. पाण्याला थोडा वेळ लाली आली आणि गेली. लांब बोटी उभ्या होत्या. तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. परतताना वाळूत बसून घेतलं आणि म्हणाली, "देवबी दमला असंल रे. किती सांभाळायचं त्यानं." मला एकदम रडू आलं. आत्यासाठी की माझ्यासाठी, ते मी अजून ठरवलेलं नाही.

पुढचे दिवस मी खिडकीत पुन्हा कामाला बसलो. हे काम धक्क्यांना घाबरत नव्हतं. धुण्याघासण्याला घसरणारी रेघ नसते. रिठ्याचं कोमट पाणी, चिंचेचा कोळ, मऊ ब्रश. शेंदूर सोडत नव्हता; शेंदूर आणि तेल वर्षानुवर्षं एकमेकांत मुरले की त्याचा दगड होतो. आसांवर वंगण डिंक होऊन बसलं होतं, त्याला रॉकेलमध्ये भिजत ठेवलं. एकेक चाक फिरू लागलं तसं मलाही आत काहीतरी फिरतंय असं वाटायला लागलं. बाहेर लोक तंबू आवरत होते, पुन्हा बांधत होते, आणि मी एका इंजिनाच्या कुशीतला शेंदूर दात कोरायच्या काडीनं काढत होतो. शेजारीण येऊन म्हणून गेली, "दिनाभाय, जग बुडतंय आणि तुम्ही भांडी घासताय." तिचंही खरं होतं.

आता हे आहे काय, ते शोधायचं होतं. माझं एक जुनं गिऱ्हाईक, मुंबईचा सराफ, घरात अशी लहान इंजिनं जमवतो. त्याला फोनवरून फोटो पाठवले. आधी मला वाटत होतं विलायती कारखान्यातलं महागडं खेळणं असणार. तो म्हणाला, कारखान्याची खूण शोधा. धुराड्याखालच्या दारावर, पोटाखाली, टाकीच्या मागे. कुठंच नव्हती. स्क्रू बघितले तर दोन सारखे नाहीत. सांध्यांचं झाळण हातचं, काही ठिकाणी गचाळसुद्धा. आणि पाण्याच्या टाकीचं पितळ आतून बघितलं तर त्याला जुन्या स्टोव्हच्या टाकीची गोलाई होती, ठोकून सपाट केलेली. म्हणजे कुणीतरी इथंच, कुठल्या तरी शेडमध्ये, जेवणाच्या सुट्टीत बसून हातानं केलेलं. आतोबांच्या हातचं नाही, ते तसं लपवून ठेवणारे नव्हते. कुणाचं ते कळलं नाही आणि कळणारही नाही.

पण कशाचं, ते कळलं. सहाही चाकं एका मापाची आणि लहान, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या, मागे कोळशाचा डबा जोडलेला नाही. सराफ म्हणाला, "हे लांब पल्ल्याचं इंजिन नाही हो. यार्डातलं शंटिंगचं. डबे इकडून तिकडे ढकलून गाडी जुळवून देणारं."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हसत बसलो, आणि मग हसू आपोआप थांबलं. सगळ्या पाड्यानं ज्याच्या भरवशावर प्रवास केले तो देव स्वतः यार्डाबाहेर कधी पडलेला नव्हता.

आत्याला हे कसं सांगायचं याचा मी आशागडपर्यंत विचार केला आणि मग सरळ सांगून टाकलं. ती ताडपत्रीखाली पापडी सोलत होती. सोलता सोलता ऐकत होती.

"म्हणजे दुसऱ्यांना लावून देतो. आपण तिथंच," ती म्हणाली.

"हो."

"मग माझ्यासारखाच हाय की." आणि ती पुन्हा पापडी सोलू लागली. देव की खेळणं, ते तिनं त्या दिवशी विचारलं नाही. मलाही आठवण करून द्यावीशी वाटली नाही. थोड्या वेळानं मात्र तिनं विचारलं, "चालतो का पण?"

चालवायचं म्हणजे बॉयलर हवा. थंड पाणी भरून दाबून बघितलं तर एका सांध्यातून पाझर होता. तिथं चांदीचा डाग दिला, ते काम माझ्या हातातलं. दट्ट्यांना नवीन दोऱ्याची वळकटी तेलात भिजवून बसवली. स्पिरिटचा दिवा गंजून गेला होता, तो पत्र्याचा नवीन केला. चाकं अधांतरी ठेवून घरी एकदा वाफ धरली तेव्हा ते आधी थुंकलं, मग शिंकलं, मग फिरलं. घरातला सगळा शेंदरी वास जाऊन गरम तेलाचा वास आला. मला वाटलं आतोबा कामावरून घरी आले की असाच वास येत असेल. ज्यांना मी धड ओळखतही नव्हतो त्यांची मला इतक्या वर्षांनी आठवण आली.

मग ते करंडीत घालून पुन्हा पाड्यावर. अंगणात एक लांब फळी टाकली, तिच्यावर लोखंडाच्या दोन पट्ट्या ठोकल्या, रूळ म्हणून. दुपार होती, ऊन चांगलं होतं. शेजारपाजारची माणसं तंबूंतून उठून आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा लोक आपणहून एका जागी जमले होते आणि कुणी जमिनीकडे बघत नव्हतं. आत्या फळीच्या एका टोकाला पाटावर बसली. मी फळीच्या मध्यावर इंजिन ठेवलं, तोंड आत्याच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे ते तिच्यापासून सुटून पुढे जाईल. दिवा पेटवला. पाणी गुणगुणायला लागलं. धुराड्यातून पहिली वाफ आली तशी एका म्हातारबाबांनी हात जोडले.

आणि इंजिन उलटं निघालं. पाठ करून, टुकुटुकु, सरळ आत्याच्या दिशेनं. तिच्या गुडघ्याला येऊन टेकलं आणि चाकं जागच्या जागी फिरवत राहिलं.

लोक म्हणाले, बघा, आईकडे आला. एकीनं डोळ्यांना पदर लावला. मला मात्र वाटलं मी काहीतरी उलटं जोडलंय. इंजिन उचलून दिवा विझवला आणि ते उताणं धरून चाक बोटानं फिरवून बघितलं. तेव्हा लक्षात आलं. आसावर एक चकती आहे, ती थोडी सैल आहे, आणि ती तशीच असायला हवी. चाक हातानं ज्या बाजूला ढकलावं त्या बाजूला ती चकती सरकून बसते आणि मग वाफ इंजिनाला त्याच बाजूला नेते. मी ते फळीवर ठेवताना जागेवर आणायला म्हणून जरासं मागे ओढलं होतं. बिचारं मागे आलं. हे मी आत्याला समजावून सांगितलं. वेळ लागेल असं वाटलं होतं, पण तिला लगेच कळलं.

"म्हणजे कुठं जायचं ते वाफ नाय ठरवत," ती म्हणाली. "आधी आपण ढकलायचं."

"हो. आधी आपण. जरासंच."

"मग आण इकडं."

मी पाणी भरून दिवा पुन्हा पेटवला. इंजिन तिच्या पायाशी ठेवलं, तोंड पलीकडे. खोकलाही थांबला होता. मग तिनं इंजिनाच्या पाठीला तळवा लावला. गरम होतं, मी म्हणालो जपून, तिनं ऐकलं नाही. तळवा तसाच ठेवून तिनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. मी अगदी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. "जा, वसंता. असशील तिथं नीट राहा." आणि हलकेच पुढे ढकललं.

ते गेलं. फळीच्या शेवटपर्यंत गेलं, टोकाला मी हात आडवा धरला होता तिथं थांबलं, आणि वाफ संपेपर्यंत माझ्या हाताला ढकलत राहिलं. त्याच वेळी एक धक्का येऊन गेला म्हणे. संध्याकाळी लोक बोलत होते. अंगणातल्या आम्हा कुणालाच तो कळला नाही.

आत्या उठली, पदरानं तळवा पुसला आणि म्हणाली, "घरात ठेव त्याला." मी आत गेलो. देव्हाऱ्याची फळी धुऊन पुसून ठेवलेली होती, कधी पुसली कोण जाणे. मी सवयीनं इंजिनाचं तोंड आत, चुलीच्या रिकाम्या जागेकडे करायला गेलो.

"तसं नको," ती दारातून म्हणाली. "दाराकडे कर."

मी दाराकडे केलं. घरातली सगळी माणसं पोचली की तोंड दाराकडे करायचं, ही रीत दोघांनाही माहीत होती. ती आत आली, अंगठ्यानं इंजिनाच्या कपाळाला शेंदराचं एकच बोट लावलं आणि चूल बाहेरून आत आणायला मला हाताशी घेतलं. निजायला ती पुढेही कितीतरी दिवस सगळ्यांसारखी अंगणातच होती, पण जेवण घरात व्हायला लागलं. त्या दिवशी ती फार दमलेली दिसली. इतकी वर्षं जे दमणं तिनं अंगावर येऊ दिलं नव्हतं ते सगळं एकदम आलं असावं. दुपार कलेपर्यंत चुलीपाशीच भिंतीला टेकून ती झोपून गेली आणि मी दारात बसून राहिलो.

मी चकचकीत केलेलं पितळ आता पुन्हा शेंदरी होत चाललंय. दसऱ्याला एक हात, चैत्रात एक हात. मला वाईट वाटत नाही असं नाही. कोरीव काम करणाऱ्याला आपलं काम झाकलेलं आवडत नसतं. फक्त चाकं आणि धुराड्याचं तोंड ती मोकळं ठेवते. चाकांना खोबरेल लावते. कारण ती आता पुन्हा फिरवावी लागतात. पाड्यावरची माणसं निघताना सांगून जाऊ लागली आहेत.

परवा मी आत्याकडे जाऊन आलो. थंडी होती, तिनं ताडपत्रीची घडी ओट्यावर ठेवली होती आणि तिच्यावर पापडी वाळत घातली होती. निघताना मी स्कूटरला किक मारली तशी ती दारातून म्हणाली, "पोचलास की फोन कर. मना तोंड फिरवायचं असतं."

डहाणूला पोचून मी फोन लावला.

"पोचलो, आत्ये."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन बंद न करताच खाली ठेवून उठली. मी कानाला लावून थांबलो. पलीकडे चुलीतलं लाकूड तडकलं, आत्या एकदा खोकली, आणि मग फळीवर चाकं फिरल्याचा आवाज आला.